आलोय पायाला, इचारताय पोटाचं

मला लग्नाच्या पंगतीत नीट जेवता येत नाही. वाढप्याच्या हाताकडे नजर जाते. बोटांच्या बेचक्यात खरूज दिसली की पानातली जिलेबी नकोशी होते. मंडईत गेले तर भाजीवालीच्या मानेवरचा गजकर्णाचा चट्टा आधी दिसतो, मेथी नंतर. "मावशी, त्याला मेडिकलमधनं कुठलंही मलम आणून लावू नका हो," असं न विचारता सांगून मोकळी होते, आणि मग आजूबाजूच्या चार बायका आपापले चट्टे दाखवायला जमतात. दवाखाना बंद करून वर्ष झालं, पण डोळ्यांना कुणी निवृत्तीचं सांगितलेलं नाही. आमचे यजमान म्हणतात, "तू माणसं बघतच नाहीस, त्यांची सालं बघतेस." खरं आहे ते. नाही म्हणणार नाही मी.

माझं माहेर सातारा, दवाखाना सांगलीत. लोक मला 'कातड्याच्या बाई' म्हणत. आमच्या शाखेबद्दल डॉक्टर मंडळींत एक जुनी थट्टा आहे: कातडीचा रोगी मरत नाही, पुरता बरा होत नाही आणि डॉक्टरची झोपमोड करत नाही. त्यामुळे शिकताना आम्हाला सगळे सुखी जीव समजत. मीही समजत होते. नायटे, मुरूम, गळणारे केस, 'लग्न ठरलंय, जरा उजळ करून द्या' म्हणणाऱ्या आया. मार्केट यार्डातले हळदीचे एक शेठ दर हंगामात कावीळ झाली म्हणून यायचे आणि तळवे पुढे करायचे. मी त्यांना बेसिनकडे पाठवायची, साबणाने हात धुवायला लावायची. "गेली की कावीळ!" म्हणून ते हसायचे आणि पुढच्या हंगामात परत हजर. मला वाटतं त्यांना काविळीची भीती नव्हतीच, गप्पा मारायला कुणीतरी हवं होतं.

पण सगळं असं हसण्यावारी जात नाही. एका आजारानं माझी निश्चिंती कायमची घालवली, आणि गंमत म्हणजे तो मुळात कातडीचा आजारच नाही. आतड्याचा आहे. आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, शौचावाटे रक्त आणि शेंबडासारखी आव पडते. जंतूंमुळे नाही, शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटून घरच्यांना चावायला लागते. मोठ्यांना होतो तसा लहान पोरांनाही होतो. पोरं वाळतात, उंची खुंटते. आणि कितीतरी पोरांत तो आतड्याच्या आधी कातडीवर दिसतो. नडगीवर लाल दुखऱ्या गाठी येतात, तोंडात फोड येतात, ओठ सुजून राहतात. पोराचं पोट बिघडलंय हे घरात कुणाला ठाऊक नसतं, कारण दहा-बारा वर्षांचं पोर संडासात काय बघून आलं हे सांगत नाही. पाय मात्र सगळ्यांना दिसतो. मग पायासाठी ते माझ्याकडे येतात, आणि मी विचारते, शौचाला किती वेळा जातोस रे?

यावरून मी शिव्या खाल्ल्या आहेत. खटावकडचे एक गृहस्थ पोराला घेऊन आले होते. पोरगा भरतीची तयारी करत होता, पहाटे उठून माळावर पळायचा. दोन्ही नडग्यांवर गाठी. "पळून पळून आल्यात," बाप म्हणाला. मी पोराला पोटाचं विचारलं, तो लाजला. परत विचारलं. बाप खवळला. "आवं बाई, आलोय पायाला, तुमी इचारताय पोटाचं! उद्या डोकं दुखलं तर काय गुडघा बगनार व्हय?" मी त्यांना बाहेर बसवलं. मग पोरानं तोंड उघडलं. पळता पळता त्याला मधेच ओढ्याकडं जावं लागायचं, आणि त्यात रक्त असायचं. आजार लवकर सापडला, पोरगा सावरला, पण भरती गेली ती गेलीच. वडिलांनी नंतर मला कधी नमस्कार केला नाही. त्यांच्या लेखी मी आजार शोधला नव्हता, पोराची नोकरी घालवली होती. एस. टी. स्टँडवर ते दिसले की मीच मान खाली घालून पुढे जायची. वाईट वाटायचं.

पण ज्या पोरीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती वैष्णवी. ती तर पायासाठीसुद्धा आली नव्हती. आली होती चिकटपट्टीची ॲलर्जी दाखवायला.

वाळवा तालुक्यातल्या ऊसवाल्या घरातली पोर, तेरा वर्षांची. बरोबर आई मनीषा आणि आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. वैष्णवीचे वडीलही फौजेत, तेव्हा राजस्थानात. त्यामुळे घरात शब्द आबांचा. नातीला त्यांनी पाठुंगळी मारून माझ्या जिन्यावरून वर आणलं होतं, आणि धाप लागली असूनही ताठ उभे होते.

हकिगत अशी की, काही आठवड्यांपूर्वी तिच्या डाव्या नडगीला उसाची पात लागली. साधा ओरखडा. आमच्याकडे ऊसवाल्यांच्या घरात असल्या ओरखड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण त्यावर फोड आला, फुटला, आणि जखम वाढायला लागली. गावात इंजेक्शनं झाली. मग सांगलीतल्या एका सर्जनकडे आणली. ते माझे कॉलेजपासूनचे मित्र, हाताला चांगले. त्यांनी भूल देऊन जखम खरवडून साफ केली. ती आणखी मोठी झाली. परत खरवडली, आणखी वाढली. आता दुसऱ्या दिवशी मांडीची कातडी काढून नडगीवर बसवायचं ठरलं होतं. 'पट्टीनं कातडी लाल होतेय, ऑपरेशनआधी जरा मलम लिहून दे,' एवढाच त्यांचा निरोप होता.

"रोज सकाळी मी सोता साफ करतो," आबा म्हणाले. "गरम पानी, साबन, मग स्पिरिट. घासून. फौजेत शिकलोय आमी. मेल्यालं मास ठिवलं की जखम सडती."

"पोर रडत नाही?"

"रडती की. पर जखमंला दया दावून चालत न्हाई."

वैष्णवी भिंतीकडे बघत होती. मी पट्टी सोडवली, जमेल तितक्या हळू, तरी तिनं आईचा दंड आवळला. जखम तळहाताएवढी होती आणि कडा वांग्याच्या सालीसारखी जांभळी. जिथं जिथं चिकटपट्टी ओढून काढली होती तिथं बारीक बारीक फोड होते. मग तिचा उजवा हात पाहिला. सलाईनची सुई जिथं टोचली होती, तिथंही तसलीच जांभळ्या कडेची, रुपयाएवढी जखम.

ही ॲलर्जी नव्हती. हा एक विचित्र रोग आहे; त्याचं नाव लांबलचक आहे, ते सोडा. लक्षात ठेवायचं ते एवढंच की या जखमेला छेडलेलं चालत नाही. कापलं की वाढते, खरवडलं की वाढते, नुसती सुई टोचली तरी तिथं नवी उघडते. बाकीच्या जखमांना जे औषध, ते हिला विष. आणि उद्या सकाळी माझा मित्र या पोरीची मांडी सोलणार होता. एकाच्या दोन जखमा झाल्या असत्या, आणि दोन्ही वाढत गेल्या असत्या. पाय वाचला नसता.

असली जखम लहान पोरात दिसली की आम्ही आतड्याकडे बोट दाखवतो. म्हणून मी नेहमीचा प्रश्न विचारला. पोट दुखतं का? शौचाला कसं होतं?

आबांनी घसा खाकरला. "मॅडम, पायाचं बगा की."

"आबा, तुम्ही जरा बाहेर बसा."

"का? मी घरचा कर्ता मानूस हाय."

"म्हणूनच. पाय मी बघते, बाहेरची गर्दी तुम्ही बघा. नंबर मोडून घुसतात लोक."

हे काम त्यांना पटलं. ते दारात जाऊन उभे राहिले आणि खरोखरच त्या दिवशी कुणी नंबर मोडला नाही.

मनीषाला मी परत विचारलं. पदर सावरत ती हळूच म्हणाली, "पोट दुखतंय, पर ते पाळीचं. चार-पाच म्हयनं झालं, शानी झाली न्हवं का ती."

आमच्या भागात मुलगी शहाणी झाली, न्हाण आलं, की अजून बऱ्याच घरांत कार्यक्रम होतो. तिला पाटावर बसवतात, ओटी भरतात, मामा साडी आणतो, बायका गाणी म्हणतात, जेवण होतं. मनीषानं मोबाइल पुढे केला. फोटोत हिरवी साडी, गळ्यात हार, आणि त्या साडीत बुडून गेलेली एवढीशी पोर. मी फोटो बघितला आणि मग समोरची वैष्णवी बघितली. वजन नऊ वर्षांच्या मुलीचं. उंचीही तेवढीच. वयात येऊ लागल्याची एक खूण अंगावर नाही. शरीर असं अर्धपोटी असताना पाळी येत नाही. ते आधी जगायचं बघतं.

"महिन्यातून किती वेळा येते?" मी विचारलं.

"लय येळा. तीनदा, चारदा बी. सासूबाई म्हनल्या, पयल्या वर्साला असंच असतंय."

मी मनीषाला मागच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणायला बाहेर पाठवलं. दार लागलं. वैष्णवीच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

"बाळ, रक्त कुठून येतं?"

मी दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि मला ते किती जड जातं ते माझ्या नर्सना विचारा. शेवटी ती म्हणाली, "संडासच्या जागेतनं."

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"का गं?"

"आईनं डाग बघितला आणि मला मिठी मारली. मी बोलायच्या आत काकूला सांगितलं. मग सगळ्यांना फोन झाले. मामा साडी घेऊन आला. कार्यक्रम झाल्यावर कसं सांगणार, मॅडम?"

त्या पोरीचं दुःख मला आजही आठवतं तसं टोचतं. पोटात कळा, रक्त, पायाला आगीसारखी जखम, आणि हे सगळं बाजूला ठेवून तिला काळजी कसली, तर आईचं हसू झालं तर! तिनं माझा हात धरला. "आईला नका सांगू."

"सांगावं लागेल, बाळ. उद्याचं ऑपरेशन थांबवायचंय. आजार आतड्यात आहे हे कळल्याशिवाय कुणी थांबवणार नाही."

"मग मी तिकडं तोंड करून बसते," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मनीषा आत आली. मी सरळ सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही, आणि वेळही नव्हता. ही पाळी नाही, आतड्यातलं रक्त आहे, त्याच आजारानं पाय असा झालाय. मला वाटलं ती भांडेल, म्हणेल, काय बोलताय मॅडम. ती भांडली नाही. खुर्चीवर बसलेली ती खाली फरशीवर बसली.

"धुणं मीच धुते, मॅडम," ती म्हणाली. "शेंबडावानी चिकाट असायचं. वास बी येगळा यायचा. मनाला म्हटलं, पयलं पयलं असंल." पदराचा बोळा तोंडात धरून तिनं हुंदका दाबला, बाहेर सासरे उभे होते म्हणून. "जावंची पोरगी हिच्याहून बारकी, तिला गेल्या साली न्हाण आलं. तवापास्नं सासूबाई रोज बोलायच्या, हिचं काय व्हतंय कुनास ठावं, हिला कोन करून घेनार. डाग दिसला तवा माझा जीव भांड्यात पडला. परत इचारायचं धाडसच झालं न्हाई."

मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. फोन उचलला आणि सर्जन मित्राला लावला.

"अगं, तुला मलम लिहायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"मलमानं होणार नाही. स्टिरॉइड सुरू करते. तू सुरी लावू नकोस."

"वेडी आहेस का? एवढी मोठी उघडी जखम, त्यावर स्टिरॉइड? आत जंतू असतील तर पाय कापायची पाळी येईल."

त्याचं चुकीचं नव्हतं. स्टिरॉइड शरीराच्या राखणदारांना झोपवतं. राखणदारच पिसाळले असतील तर तेच हवं. पण खरोखर जंतू घुसले असतील, क्षय असेल, तर घर उघडं टाकल्यासारखं होतं. मी त्याला विचारलं, तू खरवडलेल्या तुकड्यात काय आलं? तो कागद शोधू लागला. जंतू नव्हते. क्षय नव्हता. "हाताला सुई टोचली तिथं काय झालंय ते बघितलंस?" मी विचारलं. त्यानं नव्हतं बघितलं. बघायला आला, आपणहून, ओपीडी सोडून. हात पाहिला, पाय पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "बरं. जबाबदारी तुझी. पण मी रोज येऊन बघणार," म्हणाला. मोठ्या मनाचा माणूस. मी त्याच्या जागी असते तर भांडले असते.

राहिले आबा. त्यांना मी एवढंच सांगितलं की आजार आतड्यात आहे, जखम त्याची आहे, आणि तिला हात लावला की ती वाढते. ऑपरेशन रद्द, घासणं बंद. पाळीबिळीचं मी बोलले नाही. मनीषानं डोळ्यांनीच विनवलं होतं. कार्यक्रम फुकाच झाला हे घरात कुणाला कळू द्यायचं नाही एवढंच तिनं मागितलं, आणि ते माझ्या हातातलं होतं.

आबांनी विचारलं, "म्हंजे मी घासून घासून वाढवली व्हय?"

खोटं बोलावंसं वाटलं. "हो आबा," मी म्हणाले. "दुसरी कुठलीही जखम असती तर तुमचं बरोबर होतं. ही तसली नाही."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आता हुकूम काय, ते सांगा."

समजावून सांगितलेलं त्यांना पटलं असतं की नाही, देव जाणे. हुकूम लगेच कळला. पट्टी फक्त मी सांगेन तीच, मी सांगेन तशी. चिकटपट्टी नाही. घासणं नाही. गरज नसताना सुई नाही. वैष्णवीला मित्राच्याच हॉस्पिटलात ठेवलं आणि आबा खाटेशी पहाऱ्याला बसले. तिथली सिस्टर नेहमीच्या झपाट्यानं ट्रे घेऊन आली तर त्यांनी तिला अडवलं. "मॅडमचा हुकूम हाय. हात लावायचा न्हाई." सिस्टरनं फोन करून तक्रार केली, "तुमचा म्हातारा जखमेजवळ माशीसुद्धा जाऊ देत नाही." मी म्हटलं, शाब्बास.

ते दिवस मी कसे काढले मलाच माहीत. पेशंट समोर बसलेला असायचा आणि मी त्याच्या नायट्याकडे बघत वैष्णवीच्या नडगीचा विचार करत असायची. मधेच उठून हॉस्पिटलात जायची, पट्टीवरूनच बघायची, परत यायची. बाहेर लोक खोळंबलेले. "बाईंचं डोकं ठिकाण्यावर न्हाई आज," असं एक आजीबाई मोठ्यानं म्हणाल्या, तेही बरोबरच होतं. माझं चुकलं तर? आत लपलेला क्षय असला तर? यजमानांनी सांगितलं, जेवून घे. मी वरणात मीठ दोनदा घातलं.

मग एका सकाळी मित्राचाच फोन आला. "ये जरा." एवढंच. मी गेले ती जिना धावतच चढले. वैष्णवी उठून बसली होती आणि शिरा खात होती. दुखणं निम्म्यावर आलं होतं. कडेचा जांभळेपणा उतरायला लागला होता. माझा मित्र खिशात हात घालून उभा होता, म्हणाला, "शिकवलंस गं म्हातारपणी." आबांनी मला सॅल्यूट ठोकला. मला रडू आलं, आणि मी ते सर्दी म्हणून खपवलं.

पुढे मिरजेच्या पोटाच्या डॉक्टरांनी आतड्यात दुर्बीण घातली. आत सगळी लाली आणि जखमा, आजार पक्का झाला. महागडी इंजेक्शनं लागली. वडील फौजेत म्हणून त्यांची सोय झाली. जखम भरायला महिने गेले. नडगीवर सुरकुतलेल्या कागदासारखा वण राहिला तो राहिला. स्टिरॉइडनं पोरीचं तोंड फुगलं, शाळेत पोरांनी चिडवलं, मग औषध उतरलं तसं तोंडही उतरलं. वजन भरू लागलं. अधूनमधून पोट उसळायचं, मग परत इंजेक्शनं, परत तपासण्या. हा आजार निघून जात नाही. दाबून ठेवायचा असतो.

आणि घरात मात्र वैष्णवी शहाणी झालेलीच होती! एकदा कार्यक्रम झाला म्हणजे झाला. मग दर महिन्याला 'अडचण' आलीच पाहिजे. मनीषा ती आणायची. दिवस मोजून पोरीला बाजूला बसवायची, देवघराकडे जायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही. मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "अगं, खरं सांगून टाक की एकदाचं!"

"आता कसं सांगू, मॅडम? जेवनं घातल्यात."

वैष्णवीची तक्रार नव्हती. "चार दिवस सुट्टी मिळते," ती मला हसत म्हणाली. "आबांच्या पूजेची फुलं काढावी लागत नाहीत." हसले मीही, पण घरी जाताना वाटेत मन खात राहिलं. एका आजारी पोरीला आम्ही दोघी बायका मिळून नाटक करायला लावत होतो. पायाची जखम मी भरून दिली. हे मात्र माझ्याच्यानं निस्तरलं नाही. अजूनही विचार करते की तेव्हाच आबांना बसवून सगळं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं.

दवाखाना बंद करायचं ठरलं होतं, कपाटं रिकामी करायला घेतली होती, त्या सुमाराला एक दिवस मनीषा येऊन धडकली. नंबर नाही, फोन नाही. केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. मागून वैष्णवी, आता आईच्या खांद्याला लागलेली.

"मॅडम, रक्त दिसलंय."

बाहेरच्या माणसाला यातलं काय कळणार! इंजेक्शनं चालू असताना परत रक्त म्हणजे औषध हरलं. मग आणखी जहाल औषध, नाहीतर मोठं आतडं काढून पोटाला पिशवी. आणि आतडं पेटलं की कातडीही पेटते. मी वैष्णवीला टेबलावर झोपवलं आणि आधी तिच्या नडग्या बघितल्या. जुना वण शांत होता. तोंड बघितलं, हात बघितले, पोट दाबून बघितलं.

"कळा येतात? ताप? रात्री उठावं लागतं?"

"नाही. मॅडम, ऐका ना..."

"थांब जरा. शौचाला किती वेळा?"

"एकदाच. मॅडम..."

"शौचाची तपासणी करून आणा आधी. शेजारच्या लॅबमध्ये मी फोन करते."

मनीषा तिला ओढतच घेऊन गेली. रिपोर्ट येईपर्यंत मी तीच कपाटं परत भरली आणि परत रिकामी केली. मनीषा बाकावर बसून देवाचं नाव घेत होती. रिपोर्ट आला. रक्ताचा मागमूस नाही, सूज नाही, आव नाही. मी तो दोनदा वाचला. मग वैष्णवीकडे नीट बघितलं, सालीकडे नाही, सबंध पोरीकडे. उंची वाढली होती. गाल भरले होते. अंगानं भरू लागली होती. आणि ती दोन वर्षांपूर्वी भिंतीकडे तोंड फिरवलेली मुलगी आता कमरेवर हात ठेवून आम्हा दोघींकडे बघत होती, चिडून.

"मनीषा," मी म्हणाले, "हे आतड्याचं नाही. ही पाळी आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मागच्या बारीला मी बी नक्कीच म्हनले हुते." ती हसली नाही. बाकावरून उठली, परत बसली. ज्या पाळीवर तिनं एकदा गावजेवण घातलं होतं, तीच खरोखर आल्यावर घाबरून ती एस. टी. पकडून सांगलीला पळत आली होती, वेगवेगळ्या चपला घालून. ती रडू लागली. "आता हे कुनाला सांगू मी? घरात तर सगळं होऊन गेलंय."

वैष्णवी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सकाळपासनं सांगतीय तुला. घरात सांगितलं, एसटीत सांगितलं," ती म्हणाली. "आता तरी ऐक की, आई."